बुडूनही तगणारा भात

मेसच्या भाताबद्दल आपल्या होस्टेलमध्ये जेवढं वाईट बोललं जातं तेवढं एम-थ्रीच्या पेपरबद्दलही बोललं जात नसेल. कधी चिकट, कधी फडफडीत, कधी नुसताच गार. पण तो भात ज्या रोपावर पिकला ते रोप खाचरात उभे असताना काय काय सोसून आले, याचा विचार ताट पुढे आल्यावर कोण करतो? हा लेख त्या रोपाबद्दल आहे.

आपण बीम डिझाइन करायला बसतो तेव्हा आधी विचारतो, लोड किती? डेड लोड, लाइव्ह लोड, वारा, भूकंप. मग फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो. पिकाच्या रोपावरही लोड असतातच: ऊन, अवर्षण, खारे पाणी, कीड, बुरशी, पूर. संकट आले म्हणून रोपाला जागा सोडून पळता येत नाही (बीमलाही येत नाही म्हणा!). आणि त्याचे ड्रॉइंग बाहेर कुठे कपाटात नसते, ते त्याच्या प्रत्येक पेशीत असते. ते ड्रॉइंग बदलायचे, रोप जास्त सोशिक करायचे, पण तसे करताना उत्पन्न, चव, दाण्याचा आकार, शिजण्याची प्रत यातल्या कशालाही धक्का लागू द्यायचा नाही, या कामाला पीक-पैदास म्हणतात. आपण ते 'अ‍ॅग्रीवाल्यांचं काम' म्हणून सोडून देतो. मला विचाराल तर हे अस्सल इंजिनिअरिंग आहे, फक्त मटेरियल जिवंत आहे आणि ते आपले ऐकतेच असे नाही.

याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण पूर्व भारतातल्या भाताचे आहे.

तिकडे 'स्वर्णा' नावाचा एक वाण आहे. मूळचा आंध्रातल्या मारुतेरू संशोधन केंद्राचा, एमटीयू ७०२९. ओडिशा, बंगाल, बिहार, छत्तीसगड इथल्या शेतकऱ्यांचा हा अत्यंत लाडका भात. उत्पन्न चांगले, खत थोडे कमी पडले तरी कुरकुर नाही, बाजारात मागणी. पण एक दोष होता. लावणीनंतर नदीला पूर आला आणि रोपे शेंड्यापर्यंत बुडाली की आठ-दहा दिवसांत पीक संपले. पाणी ओसरल्यावर खाचरात कुजका चिखल तेवढा उरायचा. दुबार लावणी करायची तर रोपे नाहीत, पैसे नाहीत आणि हंगामही पुढे सरकलेला.

तुम्ही म्हणाल, भात तर पाण्यातच वाढतो, मग तो बुडून मरतो कसा? याचे उत्तर डिफ्यूजनमध्ये आहे. वायूंचे विसरण हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. मुळे पाण्यात असली तरी पाने हवेत असतात, म्हणून एरवी भाताचे भागते. पानेच बुडाली की कार्बन डायऑक्साइड आत येईना, ऑक्सिजन मिळेना, त्यात गढूळ पाण्यामुळे प्रकाशही कमी. आणि रोपात तयार होणारा इथिलीन नावाचा वायू, जो एरवी हवेत निघून जातो, तो आतच कोंडतो. (हाच तो केळी पिकवणारा वायू.) इथिलीन साठला की रोपाला संदेश जातो: आपण बुडालो, वर चला! मग रोप जिवाच्या आकांताने उंच व्हायला लागते. साठवलेली साखर, पिष्ट, सगळे त्या धावपळीत खर्च होते. पाणी हातभर असेल आणि लवकर ओसरणार असेल तर ठीक. पण वरून माणूसभर पाणी असेल तर डोके वर निघत नाही आणि साठा संपतो. नशिबाने पाणी ओसरलेच, तर लांबलचक, पोकळ, दम संपलेले रोप चिखलात आडवे होते. थोडक्यात, रोप पुराने जितके मरते तितकेच स्वतःच्या घाबरण्याने मरते.

ओडिशात 'धालपुटिया' नावाचा एक जुना देशी भात होता. कटककडच्या भात-पैदासकारांनी त्यातून निवड करून 'एफआर १३ ए' हा वाण काढला. एफआर म्हणजे फ्लड रेझिस्टंट. पुढे १९७० च्या दशकात फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, म्हणजे 'इरी'मध्ये, जगभरातले वाण टाक्यांत बुडवून तपासले गेले तेव्हा हा वाण सर्वात चिवट वाणांपैकी एक ठरला. दोन आठवडे पूर्ण बुडवून ठेवा, पाणी काढा, थोड्या दिवसांत याला नवी पाने फुटतात.

हा करतो काय? काहीच करत नाही! हेच त्याचे वैशिष्ट्य. पाणी डोक्यावर आले की तो वाढ थांबवतो, साठा राखून ठेवतो आणि पाणी ओसरण्याची वाट बघत बसतो. लोडशेडिंगमध्ये लॅपटॉप हायबरनेटवर टाकावा तसे.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. बांगलादेश, थायलंड या भागांत खोल पाण्यातला भात म्हणून एक वेगळा प्रकार आहे. तिथे पाणी महिनोन्‌महिने उभे राहते, म्हणून तो भात बरोबर उलटे करतो: पाणी चढेल तसा उंच होत जातो, कित्येक मीटरपर्यंत. त्याची जनुके जपानी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये शोधली आणि त्यांना 'स्नॉर्केल' असे झकास नाव दिले. म्हणजे संकट तेच, कोंडलेला इथिलीन तोच, पण एकाचे उत्तर 'पळ' आणि दुसऱ्याचे उत्तर 'थांब'. दोन्ही बरोबर, आपापल्या पाण्यात. लोड कोणता आहे हे न विचारता 'मजबूत वाण' म्हणणे किती पोकळ आहे ते यावरून कळावे.

तर औषध सापडले होते. मग अडले कुठे? एफआर १३ ए चिवट खरा, पण उत्पन्न कमी, दाणा जाड, रोप उंच आणि लोळणारे. पैदासकारांनी त्याचा चांगल्या वाणांशी संकर केला, पुरात टिकणारे नवे वाण बनवलेही, पण शेतकऱ्यांनी ते फारसे उचलले नाहीत. का उचलावेत? पूर दरवर्षी येत नाही. भात मात्र दरवर्षी खायचा असतो आणि विकायचा असतो. आपल्याकडे सोलापूर भागात 'मालदांडी ३५-१' ही रब्बी ज्वारी १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रात देशी मालदांडीतून निवडली गेली. त्यानंतर कितीतरी नवे वाण आले, पण भाकरी आणि कडबा या दोन्हींसाठी लोक आजही मालदांडीचेच नाव घेतात. शेतकरी नवे बियाणे घेताना एकट्या उत्पन्नाचा आकडा बघत नाही. जनावराला वैरण काय, भाकरी मोडते की नाही, व्यापारी काय भाव देतो, हे सगळे बघतो.

म्हणून प्रश्न असा झाला: स्वर्णा स्वर्णाच राहिला पाहिजे, फक्त त्याला ही 'थांब' म्हणणारी अक्कल आली पाहिजे. चालू मशीन न बदलता एकच पार्ट बदलायचा.

यासाठी जुनी रीत आहे, बॅकक्रॉस. आधी स्वर्णा आणि चिवट दाता यांचा संकर करायचा. हे म्हणायला सोपे. भाताच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात आणि फूल स्वतःच स्वतःला फळवून मोकळे होते. सकाळी उशिरा तासभर उघडते, तेवढीच संधी. त्याआधी कुसळाएवढ्या त्या फुलाचे टोक कापून आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने किंवा सक्शनने काढायचे, पिशवी बांधायची आणि मग दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. ग्राफिक्सच्या शीटवर ज्यांचा हात थरथरतो त्यांनी हे काम एकदा बघावेच.

या संकराच्या पहिल्या पिढीत निम्मा स्वर्णा, निम्मा दाता. तिचा पुन्हा स्वर्णाशी संकर केला की सरासरी ७५ टक्के स्वर्णा. पुन्हा केला की ८७.५. मग ९३.७५. प्रत्येक वेळी परका भाग निम्मा होतो. सहा वेळा केले की ९९ टक्क्यांच्या वर. गणित सोपे आहे, पण दोन भानगडी आहेत. एक, प्रत्येक पिढीत कोणत्या रोपात ते चिवटपणाचे जनुक उतरले हे कळायचे कसे? बुडवून बघायचे तर प्रत्येक वेळी टाकी, दोन आठवडे, आणि मेलेली रोपे. दोन, हवे असलेले जनुक एकटे येत नाही. गुणसूत्रावर त्याच्या शेजारी जे बसले आहे तेही सोबत येते, चांगले असो वा वाईट. पॅसेंजर गाडीत एकाला जागा दिली की त्याचे अख्खे कुटुंब आत येते, तसे. या चिकटलेल्या शेजाऱ्यांनी कित्येक चांगले वाण बिघडवले आहेत.

इथे डीएनए मार्करने खेळ बदलला. मार्कर म्हणजे गुणसूत्रावरचे मैलाचे दगड. अमुक दगड दात्याचा की स्वर्णाचा, हे पानाच्या छोट्या तुकड्यावरून लॅबमध्ये कळते. रोप अगदी लहान असतानाच, एक थेंबही पाणी न चढवता. केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी १९९६ मध्ये हा चिवटपणा नवव्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी जोडून दाखवला. त्या जागेला नाव मिळाले 'सब-१'. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या पामेला रोनाल्ड आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी नेमके जनुक, 'सब-१ ए', वेगळे केले. तो निबंध ऑगस्ट २००६ मध्ये 'नेचर'मध्ये आला. हे जनुक इथिलीनच्या संदेशावर बसवलेला ब्रेक आहे. इथिलीन वाढला की हे जागे होते आणि उंची वाढवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचा परिणाम दाबून धरते.

मार्कर हातात आल्यावर इरीमध्ये तीन चाळण्या लावल्या गेल्या. पहिली चाळणी: सब-१ आहे ती रोपे ठेवा, बाकीची काढा. दुसरी: सब-१ च्या अगदी लगत दोन्ही बाजूंना गुणसूत्र तुटून स्वर्णाचा तुकडा आला आहे अशी रोपे शोधा, म्हणजे ते चिकट शेजारी गाडीतून उतरले. तिसरी: बाकीच्या अकरा गुणसूत्रांवर ज्याच्यात सर्वात जास्त स्वर्णा आहे तेच रोप पुढच्या संकराला घ्या. मघाशी ७५ टक्के म्हटले ती सरासरी होती. शेकडो रोपांत काही ६५ ची असतात, काही ८५ ची. मार्कर नसताना आपण आंधळेपणाने सरासरीवर चालतो, मार्कर असला की टोकाचे रोप निवडता येते. (स्टॅटिस्टिक्सच्या लेक्चरला 'याचा उपयोग काय सर?' विचारणाऱ्यांसाठी हा उपयोग!) सहा-सात पिढ्यांचे काम दोन-तीन बॅकक्रॉसमध्ये उरकले. स्वर्णा-सब१ कसा बनवला हे सांगणारा निबंध २००७ मध्ये आला आणि त्याच्या पहिल्या लेखिका सी. एन. नीरजा या आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञ. २००९ मध्ये भारतात हा वाण प्रसारित झाला, २०१० मध्ये बांगलादेशात.

आता खरी परीक्षा. लॅबमध्ये चालले म्हणजे शेतात चालेलच असे नाही, हे आपल्या प्रोजेक्टवरून आपल्याला माहीत आहेच. ओडिशात काही संशोधकांनी अगदी औषधांच्या चाचणीसारखी मांडणी केली. चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या गावांतल्या शेतकऱ्यांना स्वर्णा-सब१ चे बियाणे दिले, बाकीच्या गावांत नेहमीचेच पीक. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. शेत दहा दिवस बुडाले तेव्हा नव्या वाणाचे उत्पन्न स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. आणि पूर आलाच नाही तर? काहीच फरक नाही. म्हणजे विमा आहे, पण हप्ता नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पूर कोणाच्या शेतात जास्त दिवस थांबतो? सखल जमिनीत. आणि सखल, बुडीत जमीन कोणाच्या वाट्याला आलेली आहे? त्या भागात ती अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे जास्त होती. त्यामुळे या वाणाचा फायदाही त्यांनाच जास्त होण्यासारखा होता. एरवी नवे तंत्रज्ञान आले की ते आधी बागायतदाराच्या, ट्रॅक्टरवाल्याच्या दारात जाते. इथे जनुक जात विचारत नाही, पण पाणी जिथे साठते तिथेच त्याचा उपयोग, म्हणून ते आपोआप योग्य दारात गेले. आणखी एक. त्याच प्रयोगावर २०१६ मध्ये आलेल्या निबंधात असे दिसले की बियाणे मिळालेले शेतकरी खत जास्त घालू लागले, लावणीच्या चांगल्या पद्धती वापरू लागले. साहजिक आहे. जे पीक पुरात जाणारच अशी भीती आहे त्यात कर्ज काढून युरिया कोण ओतेल? भीती कमी झाली की माणूस शेतात पैसा आणि मेहनत दोन्ही घालतो.

होस्टेलवर हा विषय निघाला की कोणीतरी विचारतोच, 'म्हणजे हे जीएम का रे?' नाही. यात बाहेरून जनुक घुसवलेले नाही. परागसिंचनानेच भाताचे जनुक भातात आणले, मार्कर फक्त निवडीसाठी वापरला. शिवाय हा सरळ वाण आहे, संकरित नव्हे. शेतकऱ्याने घरचे बियाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तरी गुण तोच राहतो. बियाणे गावागावांत हातोहात पसरले याचे हेही एक कारण.

इथवर वाचून वाटेल की वा, प्रश्न सुटला! म्हणून आता भाताकडून भाकरीकडे वळू. बाजरीची गोष्ट बरोबर उलट्या दिशेने जाते.

नाशिक, धुळे, अहिल्यानगर, बीडकडची जी मंडळी आपल्यात आहेत त्यांना बाजरीचा 'गोसावी' माहीत असेल. पाने पांढुरकी पडतात आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांसारखे धागे फुटतात, गोसाव्याच्या जटांसारखे. पुस्तकात याला केवडा म्हणतात. आपल्या जुन्या देशी बाजरीत हा रोग होता, पण कुठे कुठे, थोडाफार. बाजरी परपरागीकरण करणारे पीक असल्याने शेतातले प्रत्येक झाड दुसऱ्यापेक्षा थोडे वेगळे. एकाला रोग लागला तरी शेजारच्याला लागेलच असे नाही.

१९६५ मध्ये लुधियानाहून देशातली पहिली संकरित बाजरी, एचबी-१, आली. डी. एस. अटवाल हे तिचे पैदासकार. बाजरीचा संकर मोठ्या प्रमाणावर करायचा तर हाताने पुंकेसर काढणे शक्यच नाही, म्हणून पराग तयारच होत नाहीत अशी मादी ओळ लागते. ती मिळाली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टनच्या ग्लेन बर्टन यांच्याकडून. नाव टिफ्ट २३ ए. उत्पन्नात मोठी उडी बसली. मागोमाग आणखी संकरित वाण आले, त्यात एचबी-३ तर फारच गाजला. १९७०-७१ मध्ये देशात बाजरीचे विक्रमी, सुमारे ८० लाख टन पीक आले. आणि लगेच पुढच्या हंगामात, १९७१ मध्ये, गोसाव्याची साथ आली. शेतेच्या शेते जटा वाढवून उभी.

झाले काय होते? बाप वेगवेगळे असले तरी या वाणांची आई एकच, टिफ्ट २३ ए. ती जिथे वाढली तिथे हा रोग नव्हता, त्यामुळे त्याच्याशी लढायचा तिला सराव नव्हता. लाखो हेक्टरवर सारखीच झाडे, सारखाच कच्चा दुवा. बुरशीला एक किल्ली सापडली आणि सगळी कुलुपे एकाच कंपनीची निघाली! आपल्या भाषेत कॉमन मोड फेल्युअर. योगायोग असा की आदल्याच वर्षी, १९७० मध्ये, अमेरिकेत मक्याचे असेच झाले होते. तिथे बहुतेक संकरित मक्यात एकाच प्रकारचा 'टेक्सास' सायटोप्लाझम होता, करप्याच्या एका प्रकाराला तो बळी पडला आणि देशाचा सुमारे १५ टक्के मका गेला. बाजरीत मात्र सायटोप्लाझम निर्दोष असल्याचे पुढे दिसले. दोष एकाच आईवर सगळा देश टेकवण्याचा होता.

यानंतर आई बदलली, नवे संकरित आले, काही वर्षांनी त्यांनाही रोग लागू लागला, मग आणखी नवे. या बुरशीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात आणि तीही आपले वाण बदलत राहते. पूर दर वर्षी तोच पूर असतो, पाणी शिकत नाही. रोग शिकतो. त्यामुळे सब-१ सारखे एकदाच सोडवलेले उत्तर रोगाच्या बाबतीत सहसा मिळत नाही. हरियाणाचा एचएचबी ६७ घ्या. १९९० मध्ये हिसारच्या कृषी विद्यापीठाने काढला, साधारण ६५ दिवसांत तयार, म्हणजे पाऊस दगा द्यायच्या आत कणीस घरात. हरियाणा-राजस्थानात शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतला. दहा-बारा वर्षांत त्यालाही गोसावी लागण्याची चिन्हे दिसू लागली. पण या वेळी शास्त्रज्ञ आधीच तयारीत होते. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने ब्रिटिश संशोधकांच्या साथीने रोगप्रतिकाराच्या जागांचे मार्कर शोधून ठेवले होते. त्याच वाणाच्या बापात मार्करच्या मदतीने आणि आईत जुन्या बॅकक्रॉसने प्रतिकार भरला आणि २००५ मध्ये 'एचएचबी ६७ इम्प्रूव्हड' बाहेर पडला. साथ येण्याआधी स्पेअर पार्ट तयार ठेवणे, याला मेंटेनन्स म्हणतात, आणि पीक-पैदासीतही 'मेंटेनन्स ब्रीडिंग' हाच शब्द आहे. नवा वाण काढला की पेपरात फोटो येतो. मेंटेनन्सवाल्याचा फोटो येत नाही, तो आपल्या वायरमनचाही येत नाही.

खायच्या पिकांपुरतेच हे नाही. कॉलेजच्या गेटजवळच्या वाफ्यातले गुलाब एप्रिल-मेमध्ये कसे केविलवाणे होतात ते बघा. आपण लावतो त्या बऱ्याच गुलाबांची घडण युरोप-अमेरिकेच्या थंड हवेत झाली, त्यात भारतीय उन्हाचे रक्तच नाही. एम. एस. विराराघवन या निवृत्त आयएएस अधिकाऱ्यांनी कोडाईकनालला घरच्या बागेत कित्येक वर्षे एकच काम केले: बंगाल-बिहारच्या ओल्या, उष्ण सखल भागात उगवणारा 'रोझा क्लिनोफायला' हा रानगुलाब घेऊन त्याचे बागेतल्या गुलाबांशी संकर. उष्ण कटिबंधाला मानवणारा गुलाब हवा तर उष्ण कटिबंधातलाच पूर्वज शोधला पाहिजे, हा साधा विचार. तत्त्व धालपुटियाचेच.

आणि इथे खरी चिंता सुरू होते. धालपुटिया कोणीतरी पेरत राहिला म्हणून तो सापडला. 'उत्पन्न कमी, दाणा जाड' म्हणून तो सगळ्यांनी टाकून दिला असता तर सब-१ आणायचे कुठून? लॅबमध्ये जनुक शोधता येते, पण शोधायला आधी ते कुठेतरी असावे लागते. फिलिपिन्सच्या इरीच्या बँकेत भाताचे सव्वा लाखाहून जास्त नमुने थंडीत जपून ठेवले आहेत. त्यातल्या बहुतेकांचा गुण काय हे अजून तपासायचे आहे. आणि शीतपेटीतले बियाणे बदलत नाही, शेतातले बदलत्या हवेबरोबर बदलत राहते, म्हणून दोन्ही हवीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तो देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी. ते काम मला भावनेचे वाटत नाही, सरळ सरळ स्टोअर्स डिपार्टमेंटचे वाटते.

आपल्या किनाऱ्यावरही हीच कथा आहे. कोकणात समुद्राचे पाणी शिरणाऱ्या जमिनीला खार जमीन म्हणतात. पनवेलला त्यासाठी खास संशोधन केंद्र आहे आणि तिथून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे खारे पाणी सोसणारे भात निघाले. गोव्यात खाजन शेतीत 'कोरगुट' नावाचा देशी भात पिढ्यान्‌पिढ्या पेरला जातो. जुन्या गोव्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेने त्यातूनच निवड करून 'गोवा धान' मालिकेतले पहिले वाण दिले. इथे संकरही नव्हता, मार्करही नव्हता, नुसती डोळस निवड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये 'पटेल ३' च्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या बाजूला काढल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला, तोही असाच. दीड एकराचा हा शेतकरी २०१८ मध्ये गेला. त्याचा तांदूळ मात्र मनगटावरच्या घड्याळाच्या नावाने आजही विकला जातो.

स्वर्णा-सब१ ची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन आठवडे ही त्याची हद्द. पाणी महिनाभर कमरेइतके उभे राहिले, फुलोऱ्याच्या वेळी पूर आला, तर ब्रेक काही कामाचा नाही. शिवाय त्याच जिल्ह्यात एक वर्ष पूर तर दुसरे वर्ष पावसाचा खंड. म्हणून कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुढचा टप्पा गाठला: सीआर धान ८०१ या वाणात सब-१ तर आहेच, शिवाय अवर्षण सोसण्याच्या जागाही त्यात आणल्या आहेत. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जीनोम एडिटिंगने बनवलेले दोन भात जाहीर केले. त्यातला पुसा डीएसटी राइस १ हा एमटीयू १०१० या वाणाचे एकच जनुक कापून अवर्षण आणि खारटपणा सोसण्यासाठी बनवला आहे. त्यांच्या चाचण्यांच्या आकड्यांवर वादही झाला. मला यात वावगे काही दिसत नाही. स्वर्णा-सब१ वर विश्वास बसला तो शेतकऱ्याच्या शेतातल्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीमुळे, तीच कसोटी यांनाही लागेल.

आता पैदासकारांचे डोळे उन्हाकडे लागले आहेत. भाताचे फूल सकाळी उशिरा उघडते हे वर आलेच आहे. त्या तासाभरात पारा ३५ अंशांच्या वर गेला की पराग निकामी होतात आणि लोंबी पोकळ राहते. बाकी दिवसभर रोप कितीही ऊन सोसू दे, तो एक तास घात करतो. 'ओरायझा ऑफिसिनॅलिस' नावाच्या रानभाताचे फूल मात्र पहाटेनंतर लवकरच, गारव्यात उघडते. जपानी आणि इरीच्या शास्त्रज्ञांनी ती सवय लागवडीच्या भातात आणली आहे: आयआर ६४ सारख्या वाणाचे फूल आता दीड-दोन तास आधी उमलते. आपल्याला तीन-तीन गजर लावून आठच्या प्रॅक्टिकलला उठवत नाही. त्या फुलाला एका जनुकाच्या जागेने उठवले.